न्यायमूर्ती रानडे आणि ऋणको शेतकरी

महादेव गोविंद रानडे यांचे नाव घेताच प्रार्थना समाज, सामाजिक परिषद आणि मराठी सत्तेच्या उदयाचा इतिहास ही त्रयी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. मात्र त्यांच्या अर्थविचाराला जिवंत अनुभवाचा आधार मिळाला तो शेतकऱ्यांच्या कर्जांची फेरतपासणी करण्याच्या शासकीय कामातून.

रानड्यांचा जन्म 18 जानेवारी 1842 रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. कोल्हापूर व मुंबई येथे शिक्षण पुरे करून 1871 मध्ये ते न्यायाधीश म्हणून पुण्यास आले आणि सार्वजनिक सभेचे वैचारिक सूत्रधार झाले. त्याच दशकात दक्षिणेतील शेतीवर संकटे कोसळली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव युद्ध संपताच उतरले. नव्या जमाबंदीने साऱ्याचा बोजा वाढविला. मे 1875 मध्ये भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे जाळले. त्यापाठोपाठ 1876–78 चा दुष्काळ आला.

या साऱ्याची परिणती 1879 च्या ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’मध्ये झाली. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. रोख्यावरील आकड्यावर विसंबून न राहता न्यायालयाने देण्याघेण्याचा मुळापासून हिशेब करावा आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, अशी त्यात तरतूद होती. 1881 मध्ये या कायद्याखालील साहाय्यक विशेष न्यायाधीश म्हणून आणि 1887 मध्ये विशेष न्यायाधीश म्हणून रानड्यांची नेमणूक झाली. कनिष्ठ न्यायालयांचे काम तपासण्यासाठी त्यांना गावोगाव फिरावे लागे. रमाबाईंच्या आठवणी वाचलेल्यांना ती फिरती अपरिचित नाही.

कायद्याने शेतकऱ्याला दिलासा दिला, हे निर्विवाद. अवाजवी व्याजाला कात्री लागली आणि एकतर्फी हुकूमनाम्यांची सद्दी मोडली. परंतु सावकाराचा व्यवहार बंद झाला नाही. त्याने वाट बदलली. गहाणखताचा हिशेब न्यायालय उलगडू शकते, हे ध्यानी येताच तो गहाणाऐवजी खरेदीखत मागू लागला. पैसे फिटल्यावर जमीन परत देण्याचे वचन तोंडीच राही. लेखी दस्ताविरुद्ध तोंडी पुराव्याचे बळ तोकडे असल्याने, जी जमीन पूर्वी गहाण पडली असती ती आता थेट विकली जाऊ लागली. ज्याच्यापाशी तारणाला जमीन नव्हती, त्याला तर बी-बियाण्यापुरते कर्ज मिळणेही दुरापास्त झाले. रक्षणासाठी उभारलेल्या कुंपणाने पाण्याचा पाटही अडविला होता.

रानडे या कायद्याचे समर्थक होते, तरी केवळ निर्बंधांवर त्यांची भिस्त नव्हती. सावकाराचा हात आवरायचा तर पतपुरवठ्याचे दुसरे द्वार उघडले पाहिजे, ही त्यांच्या विचाराची दिशा होती. म्हणूनच विल्यम वेडरबर्न यांनी पुरस्कारिलेल्या शेतकी पेढीच्या योजनेला त्यांनी व सार्वजनिक सभेने बळ दिले. पुरंदर तालुक्यात तिचा प्रयोग व्हावयाचा होता. हिंदुस्थान सरकारने ती उचलून धरली; लंडनमधील भारतमंत्र्यांनी मात्र ती नामंजूर केली. निर्बंध राहिला, पर्याय राहिला नाही. 1892 मध्ये डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान देताना, सर्व देशकाळांना लागू पडणारे आर्थिक नियम असतात हे मत रानड्यांनी अमान्य केले. त्या भूमिकेमागे वर्षानुवर्षांची ही फिरती होती, असे मानावयास जागा आहे.

विसाव्या शतकात हाच पेच निराळ्या रूपाने छत्तीसगडात दिसतो. 1956 पासून पोलादाचे रेल्वेभाडे देशभर समान करण्यात आले. हेतू दूरच्या प्रांतांतही उद्योग वाढावेत हा. परंतु त्यामुळे खाणींच्या सान्निध्याचा नैसर्गिक लाभ त्या प्रदेशाच्या हातून निसटला. भिलाईच्या कोहका परिसराला कारखान्याचा शेजार लाभला, पण तेथल्या पोलादावर चालणाऱ्या उद्योगाला त्या शेजारामुळे स्वस्त पोलाद मिळाले नाही. हे धोरण 1992 मध्ये मागे घेण्यात आले.

1893 मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि 16 जानेवारी 1901 रोजी निवर्तले. त्यानंतर तीन वर्षांनी सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. जे द्वार त्यांना उघडावयाचे होते, ते किलकिले झाले. तोवर खरेदीखतांवर गेलेल्या जमिनींचे धनी मात्र बदलून गेले होते.