अल्झायमर यांनी विचारलेले साधे प्रश्न

वय झाले की विसरायला होणारच, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. ही समजूत पुन्हा तपासायला लावली ती डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी.

त्यांचा जन्म १८६४ मध्ये जर्मनीतील मार्क्टब्राइट या गावी झाला. १८८८ मध्ये ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. तेथे रुग्णांची देखभाल आणि सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचा अभ्यास ही दोन्ही कामे ते करीत.

नोव्हेंबर १९०१ मध्ये आउगुस्टे डेटर यांना तेथे दाखल करण्यात आले. वय अवघे ५१. अल्झायमर त्यांच्याजवळ बसून साधे प्रश्न विचारीत आणि उत्तरे टिपून ठेवीत. पतीचे नाव विचारले, तर त्या स्वतःचेच सांगत. दाखवलेल्या वस्तू ओळखत. पण थोड्या वेळाने काय दाखवले होते, ते आठवत नसे. स्वतःचे नाव लिहायला घेतले, तरी ते पूर्ण होत नसे.

पुढे अल्झायमर म्युनिकला गेले, तरी या रुग्णाची चौकशी त्यांनी सोडली नाही. एप्रिल १९०६ मध्ये डेटर यांचे निधन झाल्यावर त्यांनी मेंदू तपासण्यासाठी मागवून घेतला. तो आकसला होता. पेशींच्या बाहेर प्रथिनांचे साठे होते आणि पेशींमध्ये तंतूंचा गुंता झाला होता. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथे त्यांनी हे निष्कर्ष मांडले, तेव्हा कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. डिसेंबर १९१५ मध्ये, वयाच्या ५१व्या वर्षी, अल्झायमर यांचे निधन झाले.

आजची स्मरणशक्तीची प्राथमिक तपासणीही अशाच प्रश्नांनी होते: आजचा वार कोणता, काही मिनिटांपूर्वी सांगितलेले शब्द कोणते, घड्याळाचे चित्र काढता येते का. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे आणि नंतर आठवणे, यात सहसा काळजीचे कारण नसते. मात्र तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, नेहमीचा हिशेब वा स्वयंपाक न जमणे, अकारण संशय घेणे ही लक्षणे दिसली, तर डॉक्टरांना दाखवावे. चाचणीत गुण कमी आले म्हणजे अल्झायमर झालाच, असे नाही. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य किंवा काही औषधे यांमुळेही विसराळूपणा येतो आणि त्यावर उपचार करता येतात. म्हणूनच वयाकडे बोट दाखवून तपासणी टाळू नये.