दादासाहेबांचा सत्याग्रह अजून संपलेला नाही



कर्मवीर दादासाहेब गायकवाड म्हटलं की आपल्याला काळाराम मंदिराचा सत्याग्रह आठवतो. पण त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम त्यानंतरचं आहे. ते देवळाच्या दाराशी नाही, पोटाच्या प्रश्नाशी जोडलेलं आहे.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पुढची पाच वर्षं तो टिकवून ठेवण्याचा भार मुख्यतः त्यांच्या खांद्यावर होता. बाबासाहेबांचा त्यांच्यावर किती विश्वास होता, हे बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेल्या पत्रांच्या संग्रहातून दिसतं.

१९५६ मध्ये धम्मदीक्षा झाली आणि दोन महिन्यांतच बाबासाहेब गेले. माणसं बौद्ध झाली, पण खेड्यातली चूल तशीच राहिली. ज्याच्या शेतात राबायचं, त्याच्याच विरोधात उभं कसं राहायचं? मजुरी बंद झाली की घर उपाशी. स्वतःचा जमिनीचा तुकडा असल्याशिवाय स्वाभिमान टिकत नाही, हे दादासाहेबांनी ओळखलं होतं. १९५७ मध्ये ते नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले, पण फक्त दिल्लीत बसून राहिले नाहीत.

१९५९ मध्ये त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. मराठवाडा आणि खानदेशात तो विशेष जोरात झाला. मागणी साधी होती: सरकारची पडीक जमीन कसणाऱ्याच्या नावावर करा. बायाबापड्या कडेवर लेकरं घेऊन तुरुंगात गेल्या. दादासाहेबांनी हा प्रश्न एका जातीपुरता ठेवला नाही. जो भूमिहीन, तो आपला, अशी त्यांची भूमिका होती. त्यामुळे पक्षातल्या काही शिकलेल्या मंडळींनी त्यांच्यावर कम्युनिस्टांच्या वळणाला गेल्याची टीका केली. त्यांच्या धोतराचीही टिंगल झाली. पक्ष फुटला, पण दादासाहेब मागे हटले नाहीत.

६ डिसेंबर १९६४ रोजी देशभर दुसरा सत्याग्रह सुरू झाला. जमिनीसोबत किमान वेतन, आवाक्यातल्या दरात धान्य, बौद्धांना सवलती आणि संसदेत बाबासाहेबांचं तैलचित्र या मागण्याही होत्या. तीन लाखांहून अधिक लोकांनी अटक करून घेतली, असं चळवळीचा इतिहास सांगतो. अखेर पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना चर्चा करावी लागली. १९६८ मध्ये दादासाहेबांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचं निधन झालं.

आज त्यांच्या नावाने राज्य सरकारची सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची त्यात तरतूद आहे. विधवा आणि परित्यक्ता महिलांना प्राधान्य आहे. पण सरकारी दरात जमीन विकायला कुणी सहसा पुढे येत नाही आणि अर्ज धूळ खात पडतात. वस्त्यांमध्ये काम करताना मला दिसतं, की अनेकांना ही योजना माहीतही नसते.

तीन लाख माणसं एका भाषणाने तुरुंगात जात नाहीत. त्यामागे गावोगाव फिरणारे, घरोघरी बसून बोलणारे कार्यकर्ते होते. तेच काम आज आपल्याला करता येईल. आपल्या वस्तीत भूमिहीन घरं किती, गायरान कोण किती वर्षं कसतंय, त्याचे पुरावे कुणाकडे आहेत, याची यादी चार पोरांनी मिळून महिन्याभरात होते. ती यादी घेऊन विहारात बैठक लावा, मग सगळे मिळून समाजकल्याण आणि तहसील कार्यालयात जा. एकट्या म्हातारीला परत पाठवणं सोपं असतं, पन्नास जणांना नाही.

येत्या १५ ऑक्टोबरला दादासाहेबांच्या प्रतिमेला हार जरूर घाला. पण त्याआधी ही यादी तयार ठेवा.

जय भीम, नमो बुद्धाय.