मिठागरांवरचा पक्षिमित्र : एडवर्ड हॅमिल्टन एटकिन

सातारा येथे १६ ऑगस्ट १८५१ रोजी एका मिशनऱ्याच्या घरी एडवर्ड हॅमिल्टन एटकिन यांचा जन्म झाला. वडील रेव्हरंड जेम्स एटकिन हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या वतीने सेवाकार्यासाठी आपल्या देशात आले होते. आईचे बंधू रेव्हरंड डॅनियल एडवर्ड हे युरोपात ब्रेस्लाव शहरी ज्यू लोकांमध्ये धर्मसेवा करीत. आजोळ आणि घर दोन्हीकडे पवित्र शास्त्राचा अभ्यास होता. पुढे हेच एटकिन ‘ई. एच. ए.’ या तीन आद्याक्षरांनी लिहू लागले आणि मुंबईच्या कावळ्या-चिमण्यांची, घारी-गिधाडांची ओळख त्यांनी हजारो वाचकांना करून दिली.

ते आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हते आणि धर्मगुरूही नव्हते. ते एक प्रापंचिक ख्रिस्ती गृहस्थ आणि सरकारी नोकर होते. ट्रॉम्बे, माहुल, चेंबूर या भागात पोर्तुगीज काळापासून ख्रिस्ती वस्ती आहे आणि तिच्या सभोवती खाडी, तिवरांची राने व चिखलपट्टे आहेत. या खाडीवरचे पक्षी पाहणाऱ्या भाविकांना एटकिन यांचे चरित्र परके वाटू नये, म्हणून ते येथे सांगत आहोत.

एडवर्ड यांचे शिक्षण मायदेशी न होता येथेच झाले. प्रारंभी वडिलांनीच त्यांना शिकविले. नंतर मुंबई व पुणे येथे त्यांनी उच्च शिक्षण घेतले. मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. आणि एम. ए. या दोन्ही परीक्षांत ते पहिले आले. लॅटिन व ग्रीक या भाषांवर त्यांचे प्रभुत्व होते. १८७० ते १८७६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी लॅटिन शिकविले. असा विद्वान तरुण प्राध्यापकीत किंवा धर्मसेवेत रमेल असे कोणालाही वाटले असते. परंतु एप्रिल १८७६ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या जकात व मीठ खात्यात दाखल झाले.

मिठाचे खाते म्हणजे रुक्षपणाची परिसीमा. नेमणूक होई ती गावापासून दूर, उन्हाने भाजणाऱ्या मिठागरांवर. उधाणाच्या भरतीचे पाणी खाचरांत घ्यावे, ते उन्हात आटू द्यावे, मीठ गोळा करून त्याच्या राशी घालाव्यात आणि त्या राशींवर सरकारचा पहारा ठेवावा, असा तो क्रम. कोकणपट्टीत हे कष्टाचे काम बहुधा आगरी समाज करी आणि कर सरकार घेई. गरिबाच्या भाकरीबरोबरच्या मिठावर बसविलेला हा कर किती अन्यायाचा होता, हे पुढे १९३० साली महात्मा गांधींनी जगापुढे मांडले. एटकिन त्याच यंत्रणेचा एक भाग होते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातून वगळता येणार नाही.

मात्र या नोकरीने त्यांना जे दिले, ते दुसऱ्या कोणत्याही नोकरीने दिले नसते. कच्छच्या छोट्या रणाच्या काठावरील खाराघोडा, मुंबई बंदराच्या पलीकडील उरण, कारवारचे जंगल, गोव्याची सरहद्द, रत्नागिरी आणि मुंबई अशा ठिकाणी त्यांची बदली होत राहिली. उरण म्हणजे ट्रॉम्बेचा समोरचा किनारा. त्या काळी ट्रॉम्बे मुंबईत नव्हते. ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात होते. दोन्ही काठांवर मिठागरे आणि तिवरे होती. ओहोटी लागली की चिखल उघडा पडे आणि त्यावर तुतवार, शेकाट्या, बगळे व कुरव उतरत. मिठागराच्या उथळ पाण्यातील किडे व सूक्ष्म जीव हे या पक्ष्यांचे अन्न. जेथे इतर अधिकाऱ्यांना करमत नसे, तेथे एटकिन यांना पाहावयास काही ना काही मिळत असे.

१८८३ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात निराळेच ठरले. त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. रेव्हरंड चाल्मर्स ब्लेक यांच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला. पुढे त्यांना दोन मुलगे व तीन मुली झाल्या. त्याच वर्षी ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ हे त्यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले. बंगल्यात आणि बागेत आपल्या परवानगीवाचून राहणारे उंदीर, मुंग्या, कावळे, बेडूक, पाली, वटवाघळे यांना सरहद्दीवरच्या टोळ्या समजून त्यांच्याशी चाललेल्या कुरबुरींचे हे विनोदी वर्णन आहे. त्यातील ‘डस्टीपूर’ हे धुळीचे गाव म्हणजे खाराघोडा, असे जाणकार सांगतात.

तिसरी गोष्ट सर्वांत टिकाऊ ठरली. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ मुंबईकर एकत्र जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. एटकिन त्यांपैकी एक होते. त्या आठांत दोन मराठी डॉक्टरही होते, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. एक प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, म्हणजे डॉ. रखमाबाई यांचे सावत्र वडील. निरनिराळ्या श्रद्धांची माणसे फुलपाखरे, साप आणि पक्षी यांच्या निमित्ताने एका मेजाभोवती बसली. १८८६ पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले. स्टर्नडेल यांच्यासह एटकिन त्याचे संपादक होते. याच नियतकालिकात पुढे १९०५ साली सेंट झेविअर्स कॉलेजचे येशूसंघीय वनस्पतिशास्त्रज्ञ फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी मुंबई इलाख्यातील तिवरांवर लेखन केले. ट्रॉम्बेच्या खाडीकाठचे तिवर आज अभ्यासताना फादर ब्लॅटर यांच्यापर्यंत मागे जावे लागते.

एटकिन यांचे खरे वेगळेपण त्यांच्या पाहण्यात होते. त्या काळी निसर्गाचा अभ्यास म्हणजे मुख्यतः संग्रह. पक्षी ओळखायचा तर तो बंदुकीने टिपावा, त्याचे कातडे सोलावे, पंखांची मापे घ्यावीत आणि लॅटिन नाव लिहून पेटीत ठेवावा, अशी रीत होती. शास्त्राला त्याची गरज होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु सामान्य माणसाला त्यातून काय मिळणार? १९०० साली त्यांचे ‘द कॉमन बर्ड्स ऑफ बॉम्बे’ हे पुस्तक आले. आधी वृत्तपत्रात आलेल्या लेखांचा तो संग्रह. त्यात दुर्मीळ पक्ष्यांची मिरवणूक नाही. खिडकीत येणारा, गच्चीवर बसणारा, तारेवर झोके घेणारा पक्षी कसा ओळखावा, तो काय खातो, घरटे कोठे बांधतो, कोणत्या महिन्यात येतो आणि जातो, हे त्यांनी सोप्या व खेळकर भाषेत लिहिले. बंदूक न उचलता, केवळ डोळे उघडे ठेवून पक्षी जाणता येतो, हा धडा मुंबईकरांना अशा लेखनाने दिला.

येथे शुभवर्तमानाची आठवण होणे अपरिहार्य आहे. आकाशातील पाखरांकडे पाहा, असे प्रभू येशूने शिष्यांना सांगितले ते डोंगरावरील प्रवचनात. चिमणीचे उदाहरण देताना तर बाजारातला तिचा क्षुल्लक भावही प्रभूने सांगितला आणि तरीही देवपित्याला तिचा विसर पडत नाही, असे बजावले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात येशूच्या या दृष्टीचा आवर्जून उल्लेख केला आहे. आपण बहुधा या वचनांतील आश्वासन तेवढे घेतो आणि पाहा ही आज्ञा सोडून देतो. एटकिन यांनी ती अक्षरशः पाळली, असे आम्हास वाटते.

त्यांची श्रद्धा दिखाऊ नव्हती. मुंबईतील स्कॉटिश मंडळीत ते सुमारे वीस वर्षे वडील, म्हणजे एल्डर होते. मंडळीच्या संडे स्कूलचे ते काही वर्षे अधीक्षक होते आणि स्कॉटिश अनाथाश्रमाच्या समितीवरही त्यांनी काम केले. डार्विनचे पुस्तक १८५९ साली निघाले तेव्हा एटकिन आठ वर्षांचे होते; त्यामुळे त्यांचे सारे आयुष्य विज्ञान व धर्म यांच्या वादाच्या काळात गेले. असे असूनही ते आपल्या विश्वासात शेवटपर्यंत स्थिर राहिले. इतके शास्त्र जाणूनही ते असे राहिले, असे त्यांच्या धर्मोपदेशकाचे मत होते. १८९८ साली त्यांनी ‘द फाइव्ह विंडोज ऑफ द सोल’ हे पुस्तक लिहिले. आत्म्याच्या पाच खिडक्या म्हणजे पाच ज्ञानेंद्रिये. डोळा, कान, नाक, जीभ आणि त्वचा यांच्या वाटेने सौंदर्य माणसाच्या आत कसे पोहोचते, याचा त्यात विचार आहे. संत इग्नेशियस यांच्या आध्यात्मिक साधनेत पंचेंद्रियांचा उपयोग करून प्रार्थना करण्यास शिकविले जाते. स्कॉटिश मंडळीतील एटकिन आपल्या मार्गाने त्याच उंबरठ्याशी येऊन पोहोचले होते.

परंतु त्यांच्या दृष्टीलाही मर्यादा होत्या. १८८९ सालच्या ‘बिहाइंड द बंगलो’ या पुस्तकात त्यांनी घरातील नोकरचाकरांची व्यक्तिचित्रे रेखाटली आहेत. त्यात निरीक्षण सूक्ष्म आहे, विनोदही आहे. पण तो विनोद मालकाच्या खुर्चीत बसून केलेला आहे. आजच्या मराठी वाचकाला त्यातील काही पाने टोचल्यावाचून राहणार नाहीत. पाखराकडे जितक्या समजुतीने त्यांनी पाहिले, तितक्या समजुतीने आपल्या आचाऱ्याकडे किंवा माळ्याकडे नेहमीच पाहिले असे म्हणता येत नाही.

तरीही आपल्या हाताखालच्या माणसांसाठी त्यांनी केलेले एक काम नोंदवले पाहिजे. गोव्याच्या सरहद्दीवरील नाक्यांवर पहारा करणारे शिपाई हिवतापाने जर्जर होत. डासांमुळे हिवताप पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे १८९७ साली दाखवून दिले होते. त्यानंतर काही वर्षांतच या नाक्यांची पाहणी करण्याचे काम एटकिन यांच्याकडे आले. त्या जंगलात त्यांना अ‍ॅनॉफेलिस डासाची एक नवी जात आढळली आणि १९०३ साली तिला त्यांचेच नाव देण्यात आले. पक्ष्यांवर प्रेम करणाऱ्या माणसाचे नाव शास्त्रात एका डासाला मिळाले, याची गंमत त्यांना स्वतःलाच अधिक वाटली असेल!

मे १९०३ मध्ये ते कराचीला जकात व मीठ महसुलाचे मुख्य अधिकारी झाले. नंतर सिंध प्रांताचे गॅझेटियर तयार करण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि ते १९०७ साली प्रसिद्ध झाले. १९०६ मध्ये निवृत्त होऊन ते एडिंबरो येथे गेले. तेथेच एप्रिल १९०९ मध्ये वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. राहिलेले लेख १९१४ साली ‘कन्सर्निंग अ‍ॅनिमल्स’ या नावाने पुस्तकरूपात आले. पक्ष्यांवरील त्यांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती १९४० च्या दशकात डॉ. सलीम अली यांनी टिपणांसह संपादित केली. त्या वेळी शीर्षकातील बॉम्बेच्या जागी इंडिया आले.

त्यांनी पाहिलेली मुंबई मात्र उरली नाही. मलबार हिलवरील पारशी दोखम्यावर घिरट्या घालणारी गिधाडे तेव्हा शहराच्या आकाशाचा नित्याचा भाग होती. १९९० च्या दशकात गिधाडे देशभर झपाट्याने मरू लागली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावरांच्या मांसातून त्यांच्या पोटात जाते व त्यांचे मूत्रपिंड निकामी करते, हे २००४ साली सिद्ध झाले. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. परंतु मुंबईचे आकाश पुन्हा गिधाडांनी भरले नाही.

याउलट ट्रॉम्बे, माहुल आणि शिवडी यांच्या चिखलपट्ट्यांवर १९९० च्या दशकाच्या मध्यापासून रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, प्रचंड थवे दर हिवाळ्यात उतरू लागले. एका बाजूस तेलशुद्धीकरण कारखाने, दुसऱ्या बाजूस अणुसंशोधन केंद्र आणि मध्ये हा गुलाबी पसारा. २०१५ साली ठाणे खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्यास रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. तथापि धोका टळलेला नाही. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपर परिसरात उतरत्या विमानाची धडक बसून जवळपास ४० फ्लेमिंगो मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी मुंबईच्या पूर्व उपनगरांतील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी देण्याचा निर्णय झाला. झोपडीत राहणाऱ्या कुटुंबाला पक्के घर हवे, ही मागणी न्याय्यच आहे. आणि मिठागराचे उथळ पाणी गेले तर तेथे उतरणाऱ्या पाखराला दुसरी जागा नाही, हेही खरे आहे. पर्यावरणप्रेमी आणि घरासाठी झगडणारे गरीब या दोघांना समोरासमोर उभे करून तिसराच कोणी लाभ घेत नाही ना, याकडे मात्र आपल्या धर्मग्रामांनी लक्ष ठेवावयास हवे.

हे फ्लेमिंगो पावसाळ्याच्या तोंडावर कोठे जातात, याचा शोध एटकिन यांनी सहकाऱ्यांसह स्थापन केलेली सोसायटीच आज घेत आहे. २०२२ साली ठाणे खाडीतील काही पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली लहान यंत्रे बसविण्यात आली. त्यांतील एका पक्ष्याला संस्थेचे जुने पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्यावरून ‘हुमायून’ असे नाव दिले गेले. पावसाळ्यात तो गुजरातकडे उडाला. लहान फ्लेमिंगोंच्या विणीची मोठी ठिकाणे त्याच राज्यात कच्छच्या रणात आहेत. आणि त्या रणाच्या काठावर, खाराघोड्याच्या मिठागरांवर, एटकिन यांनी ‘डस्टीपूर’ची पाने लिहिली होती.