हाफकिन आणि एका बाटलीचा हिशेब

आमच्या वसमत भागात हळदीच्या किंवा उसाच्या शेतात साप चावला की रुग्णाला सर्पविषाची लस टोचावी लागते. पोलिओ रविवारी बाळांच्या तोंडात थेंब टाकावे लागतात. या कुप्यांवर अनेकदा ‘हाफकिन’ हे नाव दिसते. बहुतेकांना ते एखाद्या कंपनीचे वाटते. ते एका माणसाचे आहे. लसीने झालेल्या नुकसानीचा हिशेब चुकला की काय होते, हे त्याने अंगावर भोगले.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म 1860 साली काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ते प्राणिशास्त्र शिकले, डॉक्टर नव्हते. ही गोष्ट पुढे भारतातल्या सरकारी डॉक्टरांना कायम खुपत राहिली. आमच्या व्यवसायाचा हा अहंकार तसा जुनाच! पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि 1892 च्या जुलैत पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते भारतात आले.

1896 मध्ये मुंबईत प्लेग शिरला. लोक शहर सोडून पळू लागले. ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत पोहोचले आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातल्या तुटपुंज्या जागेत काम सुरू झाले. मांसाच्या रस्स्यावर तुपाचे थेंब सोडले की प्लेगचे जंतू त्यांना लटकून खाली वाढतात, हे त्यांनी हेरले. ते जंतू उष्णतेने मारायचे आणि टोचायचे. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ही लसही आधी स्वतःच्या अंगात घेतली. सडकून ताप आला, पण ते सावरले. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर प्रयोग झाला. 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली.

पंजाबात प्लेग वाढला, लाखो डोसांची मागणी आली. उत्पादन वाढवण्यासाठी हाफकिन यांनी पद्धत बदलली. लसीत कार्बोलिक आम्ल घालणे बंद केले आणि निर्जंतुकीकरणासाठी उष्णतेवर भिस्त ठेवली. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मल्कोवाल गावात 107 जणांना लस टोचली गेली. त्यातल्या 19 जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. 19 जणांची लस एकाच बाटलीतली होती. तिचा क्रमांक 53-एन. बाकीच्या 88 जणांना काही झाले नाही.

मृत्यू लसीनंतरचे होते आणि त्या बाटलीमुळेच झाले होते, यात वाद नव्हता. वाद होता तो जंतू बाटलीत शिरले कुठे, याचा. चौकशी आयोगाने बोट परळकडे दाखवले आणि हाफकिन निलंबित झाले. पण बाटली उघडताना गावातल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे कागदोपत्री होते. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. शिवाय बाटली उघडताना दुर्गंधी आली नव्हती. ते जंतू परळपासूनच आत वाढत असते तर ती यायला हवी होती.

गेल्या वर्षी आमच्या लसीकरण सत्रात एक आई भांडायला आली. पेंटाची सुई टोचल्यावर बाळाला ताप आला, दोन दिवस हळद काढणीला जाता आले नाही, रोज बुडाला. तिचा हिशेब बरोबर होता. औषधाचा खर्च आणि बुडालेली मजुरी हे खरे नुकसान आहे, पण ते सरकारच्या कुठल्याच तक्त्यात येत नाही. याच सत्रात दुसऱ्या एका आजोबांचे म्हणणे होते की, नातवाला तीन आठवड्यांनी झालेले जुलाबही सुईचेच. तो खर्च लसीच्या नावावर मांडता येत नाही, कारण जुलाब त्या महिन्यात गल्लीतल्या न टोचलेल्या पोरांनाही झाले होते. लसीनंतर घडलेले सगळे मोजायचे नसते. लस नसती तरी जे घडलेच असते, ते आधी वजा करायचे असते. हे काम किचकट आहे आणि गावात दुखवटा असताना ते कुणालाच सुचत नाही.

मल्कोवालच्या हिशेबात 19 घरे उद्ध्वस्त झाली, ही किंमत कुठल्याही आकड्याने भरून निघणारी नव्हती. दुसरी बाजूही होती. लसीवरचा विश्वास गेला आणि पंजाबातली मोहीम बारगळली. 1907 या एका वर्षात एकट्या पंजाबात प्लेगने सहा लाखांवर माणसे नेली. हे सारे मृत्यू त्या चिमट्याच्या नावावर टाकणे म्हणजे आजोबांचीच चूक उलटी करणे होईल. लस सगळ्यांना वाचवत नव्हती, शिवाय इतक्या लोकांपर्यंत ती पोहोचली असती याची खात्री नव्हती. तरीही त्या लाखांमधले बरेच जण वाचले असते, असे मला वाटते.

हिवतापाचा डासांशी संबंध शोधणारे रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. 1907 मध्ये त्यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहिले. वर्ष संपण्याआधी हाफकिन दोषमुक्त झाले. त्यांना नोकरी परत मिळाली, पण परळ नाही. कोलकात्याला पाठवून माणसांवर लसींचे प्रयोग करायला बंदी घातली गेली. ऐन उमेदीची वर्षे अशी कागदी कामात गेली. पहिले महायुद्ध सुरू झाले त्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपला परतले.

मुंबईत त्यांची लस बनतच राहिली. 1925 पर्यंत परळहून अडीच कोटींहून अधिक डोस बाहेर पडले होते आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले. 1930 च्या ऑक्टोबरमध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात ते वारले. लग्न केले नव्हते, मागे संसार नव्हता.