शिष्यवृत्तीच्या वाटेवरचे बाबासाहेब

भगिनींनो, बारावीचे निकाल लागले की आपल्या घरोघरी एकच काळजी सुरू होते. मूल पास झाले, आता कॉलेजचा खर्च कसा पेलायचा? अशा वेळी मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची विद्यार्थीदशा आठवते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु त्यांचे चरित्र मी अनेकदा वाचले आहे.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. आई भीमाबाई लवकर वारल्या. वडील सुभेदार रामजी पेन्शनवर घर चालवीत. परळच्या डबक चाळीत एका खोलीत बिऱ्हाड. मुलाच्या पुस्तकांस पैसे उरले नाहीत, की रामजी विवाहित लेकींकडे जात. लेकीपाशी रोकड नसली, तर ती अंगावरचा दागिना काढून देई. तो गहाण ठेवून पुस्तक येई आणि पेन्शन हाती आली की दागिना सुटे.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२. आज आपण त्यांस थोडे म्हणू. पण अस्पृश्य समाजातील मुलाने मॅट्रिक होणे इतके दुर्मिळ होते की त्यासाठी अभिनंदनाची सभा भरली. तेथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांस भेट दिले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा गुरुजींनी आधीच हेरला होता.

पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना पैसा संपला. तेव्हा गुरुजी भीमरावांना घेऊन बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपुढे उभे राहिले. महाराजांनी काही प्रश्न विचारले. उत्तरे ऐकून ते संतुष्ट झाले आणि दरमहा २५ रुपये मंजूर केले. प्रा. म्युलर यांनी पुस्तके व कपडे देऊन हातभार लावला आणि भीमराव बी. ए. झाले.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले. त्याच वर्षी महाराजांनी अमेरिकेतील शिक्षणासाठी तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करावी, असा करार होता. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी १९१५ साली एम. ए. केले, मग ते लंडनला गेले. इकडे रमाबाईंनी तान्ह्या यशवंतला सांभाळून संसार रेटला.

१९१७ साली मुदत संपली. लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून ते बडोद्यास नोकरीला गेले. पण एवढ्या विद्वानास जातीमुळे कोणी राहण्यास जागा देईना. अखेर मुंबईस परतावे लागले. शिष्यवृत्तीने विद्या दिली, डोक्यावर छप्पर मात्र दिले नाही. हे वाचताना माझे मन खिन्न होते.

तरी त्यांनी शिक्षण सोडले नाही. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठविले. शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले व १९२३ साली डी. एस्सी. झाले. त्या काळातही मोजक्या पैशांत घर चालविले ते रमाबाईंनीच.

१९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारकडून वर्षाला तीन लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्या मिळविल्या. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. आपणांस मिळाले ते त्यांनी असे हजारोंच्या पदरात घातले. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते निवर्तले.

गुरुजींनी मुलाला योग्य दारापर्यंत नेले, हे मला फार मोलाचे वाटते. आज महाराजांपुढे उभे राहावे लागत नाही. सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरतात. पण उत्पन्नाचा, जातीचा दाखला वेळेत हवा. माझ्या थोरलीचा अर्ज एका वर्षी राहिला, कारण दाखल्यासाठी मीच उशिरा निघाले. ते वर्ष उसनवारीत गेले.

म्हणून विनंती, की ज्या भगिनींना ही माहिती आहे, त्यांनी निकालाच्या दिवसांत मंडळात तासभर बसावे. शेजारच्या एखाद्या मुलाचे केळुसकर गुरुजी आपणही होऊ शकतो.