जॉन मोर्ले : एका ग्रंथकाराचे मंत्रिपद

१९०९ च्या कायदेमंडळविषयक सुधारणांना मिंटो यांच्याबरोबर ज्यांचे नाव जोडले गेले, एवढ्यापुरतीच जॉन मोर्ले यांची ओळख आज आपल्याकडे उरली आहे. परंतु डिसेंबर १९०५ मध्ये ते भारतमंत्री झाले त्या वेळी पुणे, मुंबई, कलकत्ता, मद्रास येथील सुशिक्षितांना हे नाव नवे नव्हते. बर्क आणि मिल यांच्या वाचनावर वाढलेल्या त्या पिढीने मोर्ले यांना प्रथम ग्रंथकार म्हणून जाणले होते. व्हॉल्तेअर, रूसो, दिदरो ह्यांची चरित्रे लिहिणारा आणि मिलच्या शिष्यवर्गात मोडणारा मनुष्य हिंदुस्थानच्या कारभाराचा सूत्रधार झाला, ही घटना तिला असाधारण वाटली. तिच्या वाट्याला पुढे जी निराशा आली तीही ह्याच कारणाने अधिक तीव्र होती. एखाद्या सामान्य मंत्र्याकडून कोणी इतकी अपेक्षा केली नसती.

मोर्ले यांचा जन्म २४ डिसेंबर १८३८ रोजी लँकेशायरमधील ब्लॅकबर्न ह्या कापडगिरण्यांच्या गावी झाला. वडील शस्त्रवैद्य होते. मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी त्यांची इच्छा होती व त्याच हेतूने त्यांनी त्याला ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजात धाडले. तेथे मुलाची श्रद्धाच ढळली. पितापुत्रांत तेढ आली, आणि १८५९ मध्ये साधी पदवी घेऊन मोर्ले ऑक्सफर्डमधून बाहेर पडले ते लंडनला लेखणीवर पोट भरण्यासाठी. ईश्वराचे नाव इंग्रजीत मोठ्या अक्षराने सुरू करण्याची रीत आहे. मोर्ले यांनी आपल्या तरुणपणीच्या लेखनात ते लहान अक्षराने छापले आणि त्यावर बरीच खळबळ उडाली. देवनागरीत असा भेद नसल्यामुळे त्या बंडखोरीची धार मराठी वाचकाला चटकन जाणवणार नाही. पण त्या काळच्या इंग्रज समाजात ती लहान गोष्ट नव्हती.

१८६७ मध्ये ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’ चे संपादकत्व त्यांच्याकडे आले व ते त्यांनी पंधरा वर्षे सांभाळले. धर्म, शिक्षण, अर्थकारण, राज्यव्यवस्था ह्या सर्वांविषयी निर्भयपणे लिहिणाऱ्या लेखकांचे ते व्यासपीठ झाले. ह्याच काळात त्यांचे फ्रेंच तत्त्वज्ञांवरील ग्रंथ निघाले, आणि १८७४ मध्ये ‘ऑन कॉम्प्रमाइज’ हे छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. मोर्ले यांच्या पुढील आयुष्याचा विचार ह्या पुस्तकाला वगळून करता येत नाही. तडजोड कोठे क्षम्य आणि कोठे अक्षम्य हा त्याचा विषय. मत बनविणे, ते बोलून दाखविणे आणि ते व्यवहारात उतरविणे अशा तीन पायऱ्या त्यांनी कल्पिल्या. पहिल्या पायरीवर तडजोड म्हणजे बुद्धीशी अप्रामाणिकपणा. दुसरीवरही तिला फारसा वाव नाही. तिसऱ्या पायरीवर मात्र समाजाची तयारी पाहून थांबावे लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुस्तक लिहिताना वय पस्तिशीचे होते आणि सत्तेशी संबंध आलेला नव्हता.

तो संबंध १८८३ मध्ये आला. त्या वर्षी न्यूकॅसलमधून ते पार्लमेंटात निवडून गेले. तत्पूर्वी ‘पॉल मॉल गॅझेट’ ह्या दैनिकाच्या संपादकपदावरून त्यांनी आयर्लंडमधील दडपशाहीच्या कायद्यांवर सतत टीका केली होती. खटल्यावाचून माणसांना कोंडून ठेवल्याने असंतोष शमत नाही, उलट तो मुरतो, हा त्या टीकेचा गाभा होता. १८८६ मध्ये ग्लॅडस्टन यांनी आयरिश स्वराज्याचा प्रश्न हाती घेतला तेव्हा आयर्लंडचे मुख्य सचिव म्हणून मोर्ले यांची निवड झाली. सहा महिन्यांत ते मंत्रिमंडळ गेले. विधेयक तीस मतांनी पडले, लिबरल पक्ष दुभंगला आणि जोसेफ चेंबरलेन ह्या जवळच्या मित्रापासून मोर्ले यांची वाट निराळी झाली. १८९२ ते १८९५ ह्या काळात तेच पद पुन्हा त्यांच्याकडे होते. १८९३ चे दुसरे विधेयक कॉमन्समध्ये संमत झाले. लॉर्ड्सने ते ४१ विरुद्ध ४१९ मतांनी फेटाळले. १८९५ मध्ये न्यूकॅसलच्या मतदारांनी त्यांना पाडले. कामाचे आठ तास कायद्याने ठरवावेत ही मजुरांची मागणी त्यांनी मान्य केली नव्हती, आणि मतांसाठी ती मान्य केल्यासारखे दाखविण्याचीही त्यांची तयारी नव्हती. ह्या प्रसंगी ते आपल्या पुस्तकाशी पूर्ण इमान राखून होते असे म्हटले पाहिजे. मजुरांची बाजू न्याय्य होती ही गोष्ट वेगळी.

पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधील माँट्रोझ मतदारसंघातून ते पुन्हा पार्लमेंटात आले. बोअर युद्धाला त्यांनी उघड विरोध केला. पण ह्या विरोधी पक्षातील वर्षांचे खरे फळ म्हणजे ग्लॅडस्टन यांचे तीन खंडी चरित्र होय. हॉर्डन येथे साठविलेले दोन-तीन लाख कागद नजरेखालून घालून त्यांनी ते १९०३ मध्ये पुरे केले. ह्याच सुमारास लॉर्ड ॲक्टन ह्या इतिहासकाराचा सुमारे साठ हजार ग्रंथांचा संग्रह अँड्र्यू कार्नेगी यांनी मोर्ले यांना भेट दिला. एवढी संपदा एका माणसाने बाळगू नये असे ठरवून मोर्ले यांनी तो संग्रह केंब्रिज विद्यापीठाला दिला, आणि आजही तो तेथेच आहे.

भारतमंत्रिपद त्यांच्याकडे आले तेव्हा ते सहासष्ट वर्षांचे होते. बंगालची फाळणी होऊन दोनच महिने लोटले होते. त्याच महिन्यात बनारस काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून गोपाळ कृष्ण गोखले यांनी ह्या नेमणुकीचे स्वागत केले. त्या स्वागतात आशेबरोबर भीतीचाही सूर होता, आणि तोच अधिक खरा ठरला. १९०६ मध्ये गोखले लंडनला गेले व मोर्ले यांना अनेकदा भेटले. दोघांत परस्परांविषयी आदर होता. फर्ग्युसन कॉलेजातील ह्या माजी प्राध्यापकाला समोरच्या मंत्र्याचे ग्रंथ ठाऊक होते. मोर्ले यांनाही गोखल्यांच्या अर्थशास्त्रीय तयारीची किंमत कळत होती. परंतु फाळणीचा निर्णय अयोग्य रीतीने झाला असे वाटत असूनही, तो आता कायमचा झाला आहे, असे मोर्ले यांनी पार्लमेंटात सांगून टाकले. मत एक आणि जाहीर भाषा दुसरी, ही स्थिती त्यांच्या स्वतःच्या कसोटीनुसार दुसऱ्या पायरीवरील तडजोडीची होती.

मे १९०७ मध्ये लाला लजपतराय व अजितसिंग यांना १८१८ च्या तिसऱ्या रेग्युलेशनखाली खटल्यावाचून मंडालेस नेण्यात आले. मोर्ले यांनी त्याचे समर्थन केले. त्यांच्याच पक्षातील काही सभासदांनी त्यांना आयर्लंडविषयीच्या त्यांच्या जुन्या लेखनाची आठवण करून दिली. ऑक्टोबरमध्ये आर्ब्रोथ येथील भाषणात त्यांनी उत्तर दिले, ते असे की, कॅनडाच्या थंडीत उपयोगी पडणारा फरचा कोट दख्खनच्या उन्हात चालत नाही. तशीच गोष्ट राज्यव्यवस्थांची. दृष्टान्त चटकदार होता. पण मानवी बुद्धी सर्वत्र सारखी आहे ह्या श्रद्धेवर ज्या फ्रेंच तत्त्वज्ञांनी आपले विचार उभारले, त्यांच्या चरित्रकाराने हवामानाचा आधार घ्यावा हे विलक्षणच.

मोर्ले स्वतः मात्र ह्या कारभाराने समाधानी नव्हते. व्हाइसरॉय मिंटो यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार जवळजवळ दर आठवड्याला चाले. त्या पत्रांतून राजद्रोहाच्या खटल्यांत होणाऱ्या जबर शिक्षांबद्दल, विशेषतः १९०८ मध्ये तिरुनेलवेलीच्या खटल्यात दिलेल्या जन्मठेपेबद्दल, त्यांनी तीव्र नापसंती कळविली. त्याच वर्षी २२ जुलै रोजी मुंबईत लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. मोर्ले यांनी मुंबईचे गव्हर्नर क्लार्क यांना लिहिले की, वकिलांबरोबर आपलाही सल्ला घेतला असता तर आपण टिळकांना हात न लावण्याचाच सल्ला दिला असता. गोखले त्या वेळी लंडनमध्ये होते, आणि टिळकांना अडकविण्यात त्यांचाही हात असावा असा संशय पुण्यातील काही पत्रांनी व्यक्त केला. मोर्ले यांची खरी भूमिका त्या पत्रांना कळण्याचा मार्ग नव्हता. खाजगी पत्रात दाखविलेली नाराजी मंडालेच्या तुरुंगाच्या भिंतीपर्यंत पोचत नाही. शिक्षा रद्द करविण्यासाठी मोर्ले यांनी आपले मंत्रिपद पणाला लावले नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात अश्विनीकुमार दत्त, कृष्णकुमार मित्र आदी नऊ बंगाली पुढाऱ्यांना त्याच रेग्युलेशनखाली स्थानबद्ध करण्यात आले. ह्या वेळी मात्र मोर्ले यांनी त्यांच्या सुटकेचा तगादा सोडला नाही. शेवटी फेब्रुवारी १९१० मध्ये ते सुटले.

सुधारणांच्या बाबतीत त्यांच्या पदरात काय पडले हे नीट पाहिले पाहिजे. १९०७ मध्ये कृष्ण गोविंद गुप्त व सय्यद हुसेन बिलग्रामी हे दोन हिंदी गृहस्थ त्यांच्या लंडनमधील कौन्सिलावर आले. १९०९ मध्ये सत्येंद्र प्रसन्न सिंह यांना व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात नेमण्यात आले. सातव्या एडवर्ड राजाचा विरोध असताना मोर्ले यांनी ती नेमणूक करवून घेतली. १९०९ च्या कायद्याने प्रांतिक कायदेमंडळांत बिनसरकारी बहुमत आले, आणि अर्थसंकल्पावर चर्चा करण्याचा व ठराव मांडण्याचा हक्क वाढला. वरिष्ठ मंडळात मात्र सरकारी बहुमत कायम राहिले. ह्या मार्गाने हिंदुस्थानात पार्लमेंटरी पद्धती येणार असेल तर आपण त्याच्याशी संबंध ठेवणार नाही, असे त्यांनी डिसेंबर १९०८ मध्ये लॉर्ड्स सभेत सांगितले होते.

सर्वांत दूरगामी तडजोड मतदारसंघांची होती. १ ऑक्टोबर १९०६ रोजी सिमल्यास आगाखानांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळाला मिंटो यांनी स्वतंत्र प्रतिनिधित्वाविषयी अनुकूल उत्तर दिले होते. मोर्ले यांना ती कल्पना पसंत नव्हती. संयुक्त निर्वाचक मंडळे नेमावीत आणि त्यांत प्रत्येक समाजासाठी जागा निश्चित कराव्यात, अशी योजना त्यांनी नोव्हेंबर १९०८ च्या खलित्यात सुचविली. तिच्यावर मुस्लिम लीगने टीका केली, अमीर अली यांचे शिष्टमंडळ जानेवारीत त्यांना भेटले, मिंटो यांनीही साथ दिली नाही, आणि मोर्ले मागे हटले. विभक्त मतदारसंघ कायद्यात आले. तिसऱ्या पायरीवर समाजाची तयारी पाहून थांबावे असे त्यांनी लिहिले होते. येथे ते नुसते थांबले नाहीत, विरुद्ध दिशेच्या वाटेवर सही करून बसले. १९४७ पर्यंतच्या राजकारणाला त्या सहीचा भार वाहावा लागला. अर्थात सगळा दोष एकट्या मोर्ले यांच्या माथी मारणेही इतिहासाला धरून होणार नाही. मिंटो यांचे आश्वासन त्यांच्या आधीचे होते, आणि ते मोडणे म्हणजे व्हाइसरॉयला तोंडघशी पाडणे झाले असते.

किचनर यांना व्हाइसरॉय करण्याचा बेत त्यांनी राजीनाम्याची धमकी देऊन उधळला आणि नोव्हेंबर १९१० मध्ये ते खाते सोडले. लॉर्ड्स सभेचे पंख छाटणारे विधेयक ऑगस्ट १९११ मध्ये त्याच सभेत मांडीत असताना, वेळ आली तर राजा नवे सरदार निर्माण करील असा इशारा मोर्ले यांनीच वाचून दाखविला. १३१ विरुद्ध ११४ मतांनी ते संमत झाले. ते स्वतः १९०८ पासून ब्लॅकबर्नचे व्हायकाउंट होते.

टिळक मंडालेहून जून १९१४ मध्ये पुण्यास परतले. त्यानंतर सातच आठवड्यांनी मोर्ले यांनी मंत्रिमंडळ सोडले. जर्मनीविरुद्धच्या युद्धात रशियाच्या बाजूने उतरणे त्यांना मान्य नव्हते. त्यांच्याबरोबर जॉन बर्न्स बाहेर पडले. राजीनामा देऊ केलेले सायमन व बोशँप पुन्हा आत गेले. मोर्ले पंचाहत्तर वर्षांचे होते. त्यांनी सभागृहात भाषण केले नाही, की वृत्तपत्रात खुलासा छापला नाही. १९१७ मध्ये त्यांच्या आठवणींचे दोन खंड निघाले. मिंटो यांना लिहिलेली पत्रे त्यांत बरीच आहेत, आणि टिळकांसंबंधीची व शिक्षांसंबंधीची त्यांची नाराजी जगाला कळू लागली ती तेव्हापासून. गोखले त्या वेळी हयात नव्हते. युद्धाविषयीचे टिपण मात्र त्यांनी तसेच ठेवले होते. २३ सप्टेंबर १९२३ रोजी विंबल्डनच्या राहत्या घरी त्यांचा मृत्यू झाला. मूल नसल्यामुळे व्हायकाउंट ही पदवी तेथेच संपली. त्यांच्या पुतण्याने ते टिपण १९२८ मध्ये छापून काढले.