पाण्यात न्हालेली चित्रे

आम्हा बडोदेकरांना चित्र म्हणजे काय ते प्रथम शिकविले राजा रविवर्म्याने. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८८८ साली लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी चौदा पौराणिक चित्रांचे काम त्याच्यावर सोपविले, आणि पुढे त्याच्या छापील तसबिरी घरोघरच्या भिंतींवर आल्या. माणूस रंगवायचा तर तैलरंगात, शालूची जर वेगळी दिसावी आणि दंडावरच्या वाकीचे वजन जाणवावे असा, ही आमची समजूत पिढ्यान्‌पिढ्या टिकली. जलरंग हा नदीकाठच्या देखाव्याचा, साहेबाच्या सुट्टीतल्या विरंगुळ्याचा. मुंबईकडे रावबहादूर धुरंधर आणि हळदणकर यांनी जलरंगात माणसे सुरेख रंगविली. परंतु ती उन्हात समोर उभी असलेली, डोळ्यांना दिसणारी माणसे होती. मनात दिसणारा माणूस पाण्याच्या रंगात उतरविता येईल का, हा प्रश्न सोडविला तो कलकत्त्याच्या अवनींद्रनाथ टागोरांनी.

आपल्याकडे त्यांचे नाव ‘भारतमाता’ या एका चित्रापुरते घेतले जाते, आणि तेही स्वदेशीचा चित्रकार म्हणून. मी हौसेने जलरंग हाताळणारा मनुष्य आहे. मला त्यांच्या चरित्रात मोलाचे वाटते ते हे की, स्वदेशीच्या या चित्रकाराने कोणतेही साधन परके म्हणून टाकले नाही.

अवनींद्रनाथांचा जन्म ७ ऑगस्ट १८७१ रोजी जोडासांको येथील टागोरांच्या वाड्यात झाला. रवींद्रनाथ हे त्यांचे चुलत चुलते, तर चित्रकार गगनेंद्रनाथ हे सख्खे वडील बंधू. दहा वर्षांचे असताना वडील वारले. तरुणपणी त्यांनी घिलार्डी नावाच्या इटालियन चित्रकाराकडे पेस्टलचे आणि पामर नावाच्या इंग्रजाकडे तैलरंगाचे धडे घेतले. हात तयार झाला, पण मन रमेना. पुढे दिल्लीकडील जुन्या चित्रांचा एक संग्रह त्यांच्या हाती आला, विलायती पोथ्यांतील सोनेरी वेलबुट्टीही पाहण्यात आली, आणि १८९५च्या सुमारास त्यांनी कृष्णलीलेची चित्रमाला आरंभिली. पहिल्या प्रयत्नातली अभिसारिका राधा त्यांची त्यांनाच साडी नेसून थंडीत बाहेर पडलेल्या मडमेसारखी वाटली! विषय देशी घेतला म्हणजे चित्र देशी होत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळले.

१८९६ साली हॅवेलसाहेब कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेचे प्रमुख म्हणून आले. त्यांनी मोगल चित्रांचा खजिनाच अवनींद्रनाथांपुढे उघडला. एका पक्ष्याच्या चित्रातील बारीक काम भिंगातून पाहून ते थक्क झाले. तरीही त्यांच्या मनात आले की, कसब येथे अपार आहे, पण भाव थोडा कमी पडतो. तो भाव कोठून आणावा, हे त्यांना दुःखाने शिकविले. कलकत्त्यातील प्लेगच्या साथीत त्यांची लहान मुलगी गेली. त्याच सुमारास, १९०२ साली, ‘शहाजहानचा अंतकाळ’ हे चित्र झाले: कैदेतला म्हातारा बादशहा दूरवरच्या ताजमहालाकडे पाहतो आहे आणि पायथ्याशी मुलगी बसली आहे. मुलीचा सारा शोक त्या चित्रात उतरला, असे ते पुढे सांगत. बांधणी मोगल चित्राची, रंग मात्र लाकडी फळीवर दिलेला विलायती तेलाचा. दिल्ली दरबाराच्या वेळच्या प्रदर्शनात त्याला रौप्यपदक मिळाले. मिश्रण करावयाचे ते कशासाठी, याचे उत्तर या एका चित्रात आहे.

जपानी विचारवंत ओकाकुरा १९०२ साली हिंदुस्थानात होते. त्यांच्यामागून १९०३ साली योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे दोन तरुण चित्रकार कलकत्त्यास आले. रेषा पुसून रंगाच्या धुक्यात आकृती उभी करण्याच्या त्यांच्या रीतीची खुद्द जपानात टिंगल होत असे. ताइकान काम करताना ओल्या कुंचल्याने कागदावर पाणी फिरवितो, हे अवनींद्रनाथांनी पाहिले आणि ते एक पाऊल पुढे गेले. त्यांनी अख्खे चित्रच पाण्यात बुडविले.

ही ‘वॉश’ची रीत मी करून पाहिली आहे, म्हणून थोडी विस्ताराने सांगतो. जाड कागदावर आकृती रेखून तीत पातळ रंग भरावयाचे. ते पुरते वाळले की कागद पाण्यात बुडवावयाचा. सुटा रंग पाण्याबरोबर निघून जातो, कागदाच्या अंगात मुरला तेवढाच राहतो. मग ओलसरपणी रुंद, सपाट कुंचल्याने साऱ्या चित्रावरून एकाच पातळ रंगाचा हात द्यावयाचा. पुन्हा वाळविणे, पुन्हा बुडविणे. असे कितीदा करावयाचे ते डोळ्याने ठरवावे. प्रत्येक बुडीबरोबर आकृती आणि पार्श्वभूमी यांतली भिंत विरघळत जाते. अखेरीस डोळे, बोटे, वस्त्राची कड एवढेच बारीक कुंचल्याने जागे करावयाचे. कोठे दाट पांढऱ्याचा एखादा स्पर्श. घाई करणाऱ्याचा कागद गढूळ होतो. ज्याला धीर आहे त्याची आकृती पहाटेच्या धुक्यातून यावी तशी येते.

वंगभंगाच्या १९०५ साली याच रीतीने ‘भारतमाता’ झाली. चित्र वीतभर उंचीहून थोडेसेच मोठे. भगव्या वस्त्रातील तरुण योगिनी, चार हातांत पोथी, भाताच्या लोंब्या, शुभ्र वस्त्र आणि जपमाळ, पायांशी पांढरी कमळे. चार हात आणि प्रभावळ सोडली तर ती एखाद्या बंगाली घरातील शांत मुलगी. तिला देवी केले ते त्या धूसर प्रकाशाने. जलरंग, जपानकडून सुचलेली जलक्रिया आणि मोगल रेषेची शिस्त यांतून स्वदेशी चळवळीचे सर्वांत गाजलेले चित्र जन्मास आले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. विलायती कापडाची होळी पेटत होती, पण कुंचल्यापुढे अवनींद्रनाथांनी सोवळे मानले नाही. आपलेपणा साधनात नसून पाहण्यात आहे, असे त्यांचे काम सांगते.

त्याच वर्षी ते कलाशाळेचे उपप्रमुख झाले आणि १९१५पर्यंत तेथे राहिले. नंदलाल बोस, असितकुमार हालदार, क्षितींद्रनाथ मजुमदार, म्हैसूरचे व्यंकटप्पा हे त्यांचे शिष्य. आणि येथेच धोका निपजला. गुरूचे धुके उचलणे सोपे होते, धुक्यामागचा माणूस उचलणे अवघड. फिकट रंग, लांब बोटे, मिटलेले डोळे यांचा पुढे देशभर साचाच पडला. बंगाली शैलीवर जी टीका झाली, ती या अनुकरणाला पुरेपूर लागू होती.

गुरू मात्र त्या साच्यात थांबले नाहीत. व्यक्तिचित्रांसाठी ते तरुणपणच्या पेस्टलकडे वळले, टेम्पराही हाताळला. १९३० साली त्यांनी अरेबियन नाइट्सची पंचेचाळीस चित्रे काढली. नाव बगदादचे, पण गल्ल्या, दुकाने आणि माणसे कलकत्त्याची. वॉश येथेही आहे, परंतु धुके ओसरून चेहरे बोलू लागले आहेत.

बडोदेकरांना याचा पुरावा गावातच आहे. कीर्तिमंदिराच्या भिंतींवर नंदलाल बोसांनी १९३९ ते १९४६ या काळात गंगावतरण, मीराबाई, ‘नटीर पूजा’ आणि महाभारतातील युद्ध रंगविले. तेथे धुक्याचा मागमूस नाही. ठाम रेषा, सपाट रंग, भिंतीला शोभेल असा टेम्परा. पट्टशिष्य गुरूच्या वाटेवरून ढळला असे कोणी म्हणेल. मला वाटते, जागा आणि विषय पाहून साधन निवडावे, हा गुरूचा खरा धडा त्यानेच घेतला.

१९४१ साली जोडासांकोचे राहते घर विकून अवनींद्रनाथ शहराबाहेर बरानगरला गेले. पुढे विश्वभारतीचे आचार्यपदही त्यांनी सांभाळले. उतारवयात वाळक्या फांद्या, लाकडाचे तुकडे असे काहीबाही गोळा करून ते त्यातला पक्षी किंवा माणूस शोधीत. त्या खेळण्यांना त्यांनी ‘कुटुम-काटाम’ असे नाव दिले होते. ५ डिसेंबर १९५१ रोजी त्यांचे निधन झाले. तैलरंगापासून टाकाऊ लाकडापर्यंत त्यांचा हात फिरला. माणसाचे मन ज्यातून दिसेल ते साधन त्यांनी आपले मानले.